दहा हजारावा डोळा

थोर माणूस तयार व्हायला साधारण तीस वर्षं आणि एक गौरव समिती लागते. तीस वर्षं थोडी कमी पडली तरी एखाद वेळ भागून जातं. समितीशिवाय मात्र आजवर कोणी थोर झाल्याचं ऐकिवात नाही.

या कथेतल्या इस्पितळाचे मुख्य प्रशासक (सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत, आणि समोरून येताना दिसले की काहीच न म्हणता दुसऱ्या जिन्याने जात) एकतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त व्हायला निघाले, तेव्हा त्यांच्या थोरपणाची मोजदाद करायला पाच जणांची समिती नेमण्यात आली. नेमणूक साहेबांनीच केली. आपल्या थोरपणाबद्दल आपण बोलू नये असा त्यांचा स्वभाव होता, म्हणून कोणी बोलावं आणि किती वेळ बोलावं एवढंच त्यांनी ठरवून दिलं.

समितीला मानपत्र हवं होतं, मानपत्राला आकडे हवे होते, आणि आकडे म्हटलं की रेकॉर्डवाल्या बाई. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे, सहा लोखंडी कपाटं आणि एक टेबल एवढ्या जागेत बाई सव्वीस वर्षं बसल्या होत्या. त्यांच्या हातच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती. याचा त्यांना अभिमान होता. अभिमान धरावा असं आयुष्यात दुसरं फारसं काही हाताशी लागलं नव्हतं, त्यामुळे होता तो त्यांनी नीट जपला होता.

तीन दुपारी बसून बाईंनी मानपत्राचा मसुदा केला. त्यातली ठळक कलमं अशी:

एक. साहेबांनी प्रतीक्षा यादी संपवली. ते खुर्चीवर आले तेव्हा ऑपरेशनसाठी एक हजार तीनशे चाळीस माणसं वाट बघत होती. एका सोमवारी सकाळी साहेबांनी आदेशावर सही केली आणि संध्याकाळपर्यंत वाट बघणारा एक माणूस उरला नाही. (ती सगळी माणसं 'इच्छुक यादी'त गेली. इच्छुक माणूस वाट बघत नसतो, त्याची नुसती इच्छा असते.) ही किमया कशी साधली ते पाहायला तीन ठिकाणची पथकं येऊन जेवून गेली.

दोन. बाह्यरुग्ण विभागात 'बसायला जागा अपुरी' अशा वर्षाला सहाशे तक्रारी येत. साहेबांनी बाकंच काढून टाकली. त्यानंतर 'बाकं नाहीत' अशा तक्रारी आल्या, पण छापील फॉर्मवर तसा रकाना नसल्यामुळे त्या आल्या असं म्हणता येत नाही.

तीन. लिफ्टचं उद्घाटन चार वेळा. विकत घेतली तेव्हा, बसवली तेव्हा, सुरू झाली तेव्हा आणि दुरुस्त झाली तेव्हा. (उताराच्या रस्त्याचं उद्घाटन राहूनच गेलं, म्हणून पेशंटना सध्या तिथूनच नेतात.)

चार, आणि हे समाजसेवेचं: बासष्ट आरोग्य शिबिरं. शिबिरात ज्यांचं काही दुखणं निघालं त्यांना इस्पितळात जायचा सल्ला मोफत देण्यात आला, आणि इस्पितळात आल्यावर त्यांची नावं इच्छुक यादीत घालण्यात आली. शिवाय 'चाला, निरोगी राहा' मोहिमेत गाड्या लावायची जागा दारापासून एक किलोमीटर लांब नेली. तिचा लाभ पाय मोडलेल्यांनाही झाला.

पण बाईंचं आवडतं कलम पाचवं. ते लिहिताना त्यांचं अक्षर आपोआप जास्त वळणदार आलं. पूर्वी इस्पितळात आधी काम होई आणि मग नोंद. त्यामुळे नोंदी रेंगाळत, वर्षअखेरीला ताळमेळ लागत नसे. साहेबांनी क्रम उलटा केला: आधी नोंद, मग काम. सकाळचं जेवण आठ वाजता 'घेतले' म्हणून लिहिलं जाई आणि नऊला वॉर्डात येई. संध्याकाळचा ताप दुपारीच लिहिलेला असे. आणि या सोयीचा कोणी गैरफायदा घेऊ नये म्हणून दुसरा नियम: एकदा झालेली नोंद बदलत नाही. 'नोंद हा या संस्थेचा शब्द आहे, आणि ही संस्था शब्द फिरवत नाही,' असं बाईंनी मानपत्रात लिहिलं. समितीत ते वाक्य दोनदा वाचून घेण्यात आलं.

हा नियम बाईंनी प्राणपणाने सांभाळला होता. एकदा सहा नंबर वॉर्डातल्या एका गृहस्थांची 'घरी सोडले' ही नोंद एक दिवस आधीच पडली. दुपारी ते सलाईनची बाटली हातात उंच धरून खाली आले आणि जेवण का नाही आलं म्हणून विचारू लागले. बाईंनी शांतपणे रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही सकाळीच घरी गेलात." काकांनी चष्मा लावला, आपली नोंद दोनदा वाचली, 'माझ्याच लक्षात नाही आलं' म्हणाले आणि गेले. (बाटली दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती परत पाठवली. माणसं तेव्हा चांगली होती.)

तर अशा या बाईंची आई इच्छुक यादीत दोनशे बाराव्या नंबरवर होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आईने सारं आयुष्य शिवणाच्या मशीनवर काढलेलं. शाळेचे गणवेश शिवून मुलीला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. आता शहात्तराव्या वर्षी ती बटणं बोटांनी चाचपून जोड्या लावत बसे, आणि मुलगी कामाला निघाली की सुईत दोरा ओवून ठेव म्हणून तिला रोज आठवण करी. बाई सात सुया ओवून ठेवत आणि निघत. आई तेवढ्यात दिवस काढी.

"तुझ्याच दवाखान्यात आहे ना गं ते डोळ्यांचं?" आई अधूनमधून विचारी.

"आहे ना. नंबर लागला की होईल."

"तू आहेस की तिथे."

"मी आहे म्हणून तर, आई. मीच घुसवलं तर बाकीच्यांनी काय करायचं?"

आई पुन्हा बटणं चाचपू लागे. तत्त्वाची मुलगी आपणच वाढवली आहे, तर तक्रार कुणाकडे करणार?

इकडे समितीत घोळ झाला होता. समितीचे अध्यक्ष म्हणजे उपप्रशासक. त्यांना इस्पितळात 'तत्त्वतः' म्हणत, कारण कुठल्याही मागणीला ते 'तत्त्वतः हरकत नाही' म्हणत आणि त्यापुढे काही घडत नसे. त्यांनी साहेबांच्या कारकिर्दीतल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचा आकडा मागवला. तो निघाला नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.

"हे असं कसं?" तत्त्वतः दुखावल्यासारखे म्हणाले. "संगमरवरात कोरायचंय, बाई. अठ्ठ्याऐंशी कोरलं तर लोक म्हणतील, बारांचं काय केलंत?"

डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. आठवड्यात बारा करा म्हटल्यावर ते म्हणाले अकरा होतील, बारावं शुक्रवारी. कारण समारंभ गुरुवारी, आणि गुरुवारी ऑपरेशन थिएटर बंद. थिएटरचा मोठा दिवा व्यासपीठावर साहेबांच्या डोक्यावर लावायला नेणार होते. (साहेबांच्या चेहऱ्यावर सावली पडू नये अशी समितीची इच्छा होती, आणि सावली न पाडणारा दिवा इस्पितळात तेवढा एकच होता.)

शिवाय एक कृतज्ञ पेशंटही हवा होता. कार्यक्रमपत्रिकेत 'मनोगत: एक कृतज्ञ रुग्ण, दोन मिनिटे' असं छापून झालं होतं. बाईंनी आभारपत्रांची फाइल चाळली. एकंदर दोनशे चौदा पत्रं. त्यांतली एकशे नव्वद सहा नंबरच्या सिस्टरना, वीस गेटवरच्या वॉचमनला (रस्ता दाखवल्याबद्दल), तीन दुसऱ्याच इस्पितळाची, चुकून इथे आलेली. साहेबांना उद्देशून एक होतं. ते त्यांच्या मेहुण्यांचं निघालं, आणि चौकशीअंती मेहुणे बरे झाले ते दुसरीकडे.

तत्त्वतः डोळे मिटून विचार करू लागले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "बाई, तुमच्या आईंचं काहीतरी होतं ना?"

बाई म्हणाल्या, "आहे, सर. दोनशे बारावा नंबर."

"मग झालं तर! शुक्रवारचं बारावं ते त्यांचं. नोंद आज करा, आपली पद्धतच आहे. म्हणजे दहा हजार पुरे झाले, आणि दहा हजाराव्या पेशंट त्याच, कृतज्ञही त्याच. एका दगडात..." ते थांबले. "एका दिवसात सगळंच."

"पण सर, आभार गुरुवारी, ऑपरेशन शुक्रवारी?"

"संमतीपत्रावर सही आपण ऑपरेशनच्या आधीच घेतो ना? मग कृतज्ञता आधी घेतली तर काय बिघडलं?"

बाईंना यात चूक काढता आली नाही. खरं सांगायचं तर त्यांनी शोधलीही नाही. अकरा महिने ज्या गोष्टीसाठी त्यांनी स्वतःला तोंड उघडू दिलं नव्हतं, ती आपणहून दाराशी आली होती. सुया ओवून ओवून त्या थकल्या होत्या. खाली येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'क्रमांक १०,०००. उजवा डोळा. शस्त्रक्रिया यशस्वी. भिंग बसवले. रुग्ण समाधानी.' आणि शाई वाळेपर्यंत त्या पानाकडे बघत बसल्या. त्यांना फार बरं वाटलं.

घरी आईला समजावताना मात्र नाकी नऊ आले.

"झालंच नाही, तर झालं कसं म्हणू?" आई म्हणाली.

"अगं, शुक्रवारी होणारच आहे. एका दिवसाचा तर प्रश्न."

"मग शुक्रवारनंतर बोलव. शनिवारी येते, पाहिजे तर गाणं म्हणते."

"आई, दोनच वाक्यं आहेत. 'साहेबांमुळे मला दृष्टी मिळाली. मी जन्मभर ऋणी राहीन.' पाठ कर आणि बोलून मोकळी हो. माझ्यासाठी."

'माझ्यासाठी' म्हटल्यावर आईने वाक्यं पाठ केली.

गुरुवारी सभागृहात चारशे माणसं होती. वॉर्डात प्रत्येकी एक सिस्टर ठेवून बाकी सगळ्यांना टाळ्यांसाठी सक्तीने आणलं होतं. थिएटरचा दिवा साहेबांच्या डोक्यावर झगझगत होता. त्यात ते इतके स्वच्छ दिसत होते की पहिल्या रांगेतल्या एका सर्जनचा हात सवयीने हातमोज्यांकडे गेला. भाषणं सात झाली. प्रत्येकात साहेब दूरदृष्टीचे होते. मानपत्र वाचलं गेलं, संगमरवरी पाटीवरचा पडदा सरला, दहा हजारचा आकडा झळकला. सूत्रसंचालन आहारतज्ज्ञ बाईंकडे होतं. त्या गहिवरून म्हणाल्या, "आणि आता, त्या दहा हजाराव्या डोळ्याची मालकीण आपल्यासमोर येत आहे!"

बाईंनी आईचा हात धरून तिला वर नेलं आणि माइकपाशी उभं केलं. आईने माइक चाचपला.

"साहेब कुठे बसलेत?" तिने विचारलं.

साहेब दोन हातांवर होते. सभागृहात खसखस पिकली. आई अंदाजाने वळली आणि फुलांच्या मोठ्या कुंडीला तिने वाकून नमस्कार केला. "बरे आहात ना? बारीक झालात हो," ती कुंडीला म्हणाली. हशा झाला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर कोसळली. आई गोंधळली. पाठ केलेली दोन वाक्यं निसटून गेली ती गेलीच.

"हसू नका हो," ती म्हणाली. "माझं ऑपरेशन झालेलं नाही. उद्या करतो म्हणालेत."

अहाहा! काय हसली माणसं! सर्जन हसले, सिस्टर हसल्या, तत्त्वतः खुर्चीच्या हाताला धरून हसले, साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. आहारतज्ज्ञ बाईंनी समयसूचकता दाखवून माइक घेतला आणि म्हणाल्या, "बघा! इतकं अलगद ऑपरेशन, की पेशंटला झाल्याचा पत्तासुद्धा नाही!" चारशे माणसं उभी राहिली. टाळ्या पावणेतीन मिनिटं चालल्या. (पावणेतीन मिनिटांची नोंद समारंभाआधीच होऊन गेली होती.) बाईसुद्धा हसल्या. लाजेने, भीतीने आणि सुटल्यासारखं वाटून, पण हसल्या.

शुक्रवारी सकाळी सातला बाई आईला घेऊन थिएटरच्या दारात हजर. आई उपाशीपोटी, केस विंचरलेले, डोळ्यांत थेंब घातलेले. दिवा परत आला होता. डॉक्टर हात धुऊन तयार होते. थिएटरच्या सिस्टरनी कागद बघितला आणि थांबल्या.

"बाई, उजवा डोळा झालाय यांचा."

"सिस्टर, तोच करायचाय आज. ती नोंद आधीची आहे."

"तुमचंच अक्षर आहे हे. झालेला डोळा परत कसा घेणार टेबलावर?"

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, मोतीबिंदू चांगला पिकलाय, कोणीही सांगेल. त्यांनी स्टोअरला फोन लावला. स्टोअरने कळवलं की क्रमांक दहा हजारचं भिंग वापरून झालेलं आहे, एका डोळ्याला दोन देता येत नाहीत. मग डावा तरी करा, असं बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. सिस्टर म्हणाल्या, डावा करता येतो, पण पहिला डोळा झालेल्यांची 'द्वितीय इच्छुक यादी' वेगळी आहे आणि तिला उजवा बरा झाल्यापासून सहा महिने मोजतात. आई बाहेर बाकावर बसली असती, पण बाकं नव्हती, म्हणून भिंतीला टेकून उभी होती.

बाई जिने चढून तत्त्वतःकडे गेल्या. ते आता साहेबांच्या खुर्चीत होते आणि खुर्ची खालीवर करून बघत होते.

"मी खोडते ती नोंद," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांना रडू फुटलं. "माझ्या हातची आहे, मीच खोडते. तुम्ही फक्त खाली सही करा, सर."

"तत्त्वतः हरकत नाही, बाई. पण पाटी संगमरवरी आहे. आणि नोंद बदलत नाही हे कालच तुम्ही किती सुंदर शब्दांत..." त्यांनाही कसंसं झालं असावं, कारण त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि एक पोटनियम शोधून दिला. नोंदलेली गोष्ट घडलीच नव्हती, असं रुग्णाने स्वतः जाहीरपणे सांगितलं असेल, आणि ते ऐकणाऱ्या दोन साक्षीदारांनी तसं लिहून दिलं, तर नोंद रद्द होते. हितसंबंधी माणूस चालत नाही. म्हणजे मुलगी बाद, आणि नोंदीत सर्जन म्हणून नाव असल्यामुळे डॉक्टरही बाद.

बाईंचा चेहरा खुलला. जाहीरपणे? चारशे माणसांसमोर, चालू माइकवर! दोन साक्षीदार म्हणजे काय अवघड? आईला घरी सोडून त्या फॉर्म घेऊन फिरायला लागल्या.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "अय्या, तुमच्या आई म्हणजे कमाल आहेत! मी घरी गेल्या गेल्या सगळ्यांना सांगितलं." सही? "अहो, पण तो विनोद होता ना?" वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, आम्ही हसून हसून पडलो, खरं होतं होय ते? फिजिओथेरपीवाल्यांनी त्या वाक्याची नक्कल करून दाखवली, फार हुबेहूब. वॉचमन म्हणाला, मी ऐकलं, पण सगळे हसले म्हणून मीही हसलो, आता मी एकटा कसा लिहून देऊ? शेवटी बाई साहेबांच्या घरी गेल्या. साहेब बाल्कनीत बसले होते. त्यांनी आपुलकीने बसवून घेतलं आणि म्हणाले, "त्या एका वाक्याने समारंभ तारला, बाई. मी एकतीस वर्षांत इतका हसलो नव्हतो." सहीचं ऐकून मात्र ते गंभीर झाले. आपण आता निवृत्त आहोत, कारभारात ढवळाढवळ करणं बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

याला आता चार महिने होतात. मधल्या काळात तत्त्वतः यांनी फॉर्मवर एक अट वाढवली आहे: साक्षीदाराने विधान गांभीर्याने ऐकलेलं असावं, ते ऐकताना हसलेला माणूस ग्राह्य नाही. आणि एक सवलतही दिली आहे, की साक्षीदार सभागृहात हजर असलाच पाहिजे असं नाही. ते विधान नंतर कुठे जसंच्या तसं वाचलेला माणूसही चालेल. बाई रोज सकाळी सात सुया ओवतात आणि फॉर्म पिशवीत टाकून निघतात. खाली सह्यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत.

आई काय म्हणाली ते तुम्ही आत्ताच वाचलंत, जसंच्या तसं. तुमचा यात काही हितसंबंधही नाही. तेव्हा सही करायला हरकत नाही, फक्त त्या ओळीशी तुम्ही हसला होतात का, तेवढं आधी आठवून बघा.